पाचवी खिडकी

"सापडत नाहीये," ब्रायनी म्हणाली. "पणजोबा, यांनी उगाच लिहिलंय. एकही खिडकी चुकलेली नाही."

हिरवळीवर घडीच्या खुर्चीत बसलेल्या हॅरल्डने पणतीच्या हातातलं पत्रक घेतलं, वाचल्यासारखं केलं आणि परत दिलं. त्यात काय आहे ते त्याला ठाऊक होतं. ॲस्करबी हॉल ही जुनी हवेली बघायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला फाटकावरच ते पत्रक मिळायचं: तळ्यातल्या बेटावरची बदकं मोजा, टेकडीवरच्या देवळाला किती खांब आहेत ते सांगा आणि सगळ्यात शेवटी, घराच्या पश्चिमेच्या भिंतीवरची चुकलेली खिडकी शोधा.

"एकूण खिडक्या किती?" त्याने विचारलं.

"वर पाच, खाली पाच."

"त्यातल्या खऱ्या?"

"खालच्या. वरच्या तुम्ही रंगवल्यात." हे सांगताना तिने आजूबाजूच्या लोकांकडे नजर टाकली, कुणी ऐकतंय का ते पाहायला.

वरच्या ओळीमागे नुसती भरीव भिंत होती. तिच्या पलीकडे जिना होता, उजेडाची गरज नव्हती. पण अडीचशे वर्षांपूर्वी ज्याने हे घर बांधलं त्याला कुठेही रिकामी जागा खपत नव्हती. म्हणून तिथे पाच खिडक्या रंगाने काढल्या गेल्या, बारीक छिद्रांच्या कागदावर कोळशाची पूड थापून आकृती भिंतीवर उतरवून. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या, आणि खऱ्या खिडकीवर दुपारी तीनला पडते तशी सावली. दर पंधरा-वीस वर्षांनी त्या नव्याने रंगवायच्या आणि ते काम ओल्डरॉइडांनी, म्हणजे हॅरल्डच्या घराण्याने करायचं, असं चार पिढ्या चाललं होतं.

"मग आधी खालची खिडकी बघ," हॅरल्ड म्हणाला. "ऊन कुठून येतंय?"

ब्रायनीने मान वळवून, डोळे बारीक करून उजवीकडे बोट दाखवलं.

"आणि काचेवर सावलीची पट्टी कुठे आहे?"

"वर. आणि... उजव्या कडेला."

"बरोबर. खोबणीच्या कडेने तेवढं ऊन अडवलंय. आता वर बघ. घाई नाही करायची. आपण ओळ वाचतो ना, तशी एकेक वाचायची."

ती ओठ हलवत वाचू लागली. उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे.

"डावीकडे!" ती इतक्या जोरात किंचाळली की चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. "पाचवीत सावली डावीकडे आहे! तिच्यावर ऊन उलट बाजूनं पडतंय!"

"शाब्बास," हॅरल्ड म्हणाला.

"सापडली वाटतं?" मॅरियन हसत येत होती. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. "मलासुद्धा दहा मिनिटं लागली. बाबा असते तर मला मठ्ठ म्हणाले असते."

मॅरियन त्याच्या धाकट्या भावाची, क्लिफर्डची मुलगी. टास्मानियात जन्मली, तिथेच वाढली. क्लिफर्ड मागच्या हिवाळ्यात गेला, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी ती पहिल्यांदाच वडिलांचं गाव बघायला आली होती. गेले आठ दिवस ती हॅरल्डच्या घरी राहत होती. तिला क्लिफर्डसारखीच टोस्टची कडा शेवटी खायची सवय होती. रोज सकाळी हॅरल्ड ते बघायचा आणि रोज ठरवायचा की आज सांगायचं. सोमवारी तिचं विमान होतं. आज शनिवार.

"काका, त्या पाटीजवळ माझा एक फोटो काढा ना."

"त्याला कशाला सांगतेस, तो सगळ्यांची डोकी उडवतो," एनिड म्हणाली. हॅरल्डची बायको, ब्याऐंशी वर्षांची. सतरंजीवर बसून सँडविचचा डबा उघडत होती. "ग्रॅहम, तू जा."

त्यांचा मुलगा ग्रॅहम उठला. हिरवळीच्या कडेला कंबरेएवढ्या उंचीची लाकडी पाटी होती. हॅरल्डला ती इथूनही वाचता येत होती, कारण ती त्याला पाठ होती. 'पाचवी खिडकी. १९६९ साली क्लिफर्ड ओल्डरॉइड या तरुण रंगाऱ्याच्या हातून झालेली ही चूक आज ॲस्करबीची सर्वांत लाडकी खिडकी आहे.' मॅरियनने पाटीवर हात ठेवला, वडिलांच्या खांद्यावर ठेवावा तसा, आणि हसली.

जेवताना अपेक्षेप्रमाणे विषय निघालाच. खिडक्या नव्याने रंगवायला सोमवारी सकाळी परांची उभी राहणार होती. या वेळचं काम ग्रॅहमच्या मुलीकडे, टेसकडे होतं. ब्रायनीची आई. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हॉलच्या व्यवस्थापकांनी तिला सांगितलं होतं, पाचवी खिडकी तशीच ठेवायची की सरळ करायची हे तुम्ही घरच्यांनीच ठरवा.

"ठरवायचंय काय त्यात?" ग्रॅहम म्हणाला. "आपल्या घराण्यात एकच माणूस प्रसिद्ध झाला, तोही चुकून. ती पुसून टाकायची?"

"बाबा, मी रंगारी आहे. समोर चूक दिसत असताना ती पुन्हा मन लावून रंगवायची, म्हणजे हात आखडतो माझा."

"तुझ्या आजोबांचा नाही आखडला. दोनदा रंगवलीये त्यांनी. चौऱ्याऐंशी साली आणि दोन हजार साली. अगदी होती तशी. हो ना बाबा?"

"हो," हॅरल्ड म्हणाला. त्याने अंड्याचं सँडविच डब्यात परत ठेवलं.

"आमच्याकडे तर ही गोष्ट प्रत्येक नाताळला व्हायची," मॅरियन म्हणाली. तिने मांडी घातली आणि आवाज बदलला. सगळ्यांना कळलं की ती क्लिफर्ड झाली आहे. "'अख्ख्या यॉर्कशायरमध्ये एकच खिडकी अशी आहे पोरी, जिच्यावर सूर्य उत्तरेकडून येतो. देवाला जमलं नाही ते तुझ्या बापानं केलं. आणि कसं? तर छिद्रांचा कागद घेतला आणि लावला उलटा!' मग ते टेबलावरचा रुमाल उचलायचे आणि असा, असा फिरवायचे. दरवेळी रश्श्यात बुडायचा तो."

टेस हसता हसता मागे कलंडली. ब्रायनीने रुमाल फिरवून पाहिला. ग्रॅहमने डोळे पुसले.

हॅरल्ड उठला. "पाय मोकळे करून येतो."

"मी पण येते," एनिड म्हणाली.

हिरवळ जिथे संपते तिथे जमीन एकदम खाली उतरते आणि खंदकाच्या आत दगडी भिंत आहे. घरातून पाहिलं तर ती दिसत नाही. मेंढ्या थेट दाराशी चरत असल्यासारख्या वाटतात. दोघं त्या काठावर येऊन थांबली.

"आठ दिवस झाले, तू काहीतरी गिळून बसलायस," एनिड म्हणाली.

"तिला सांगायला हवं."

"काय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. चोपन्न वर्षं त्याने हे वाक्य जुळवलं होतं.

"कागद तू लावला होतास," एनिड म्हणाली. "मला ठाऊक आहे, हॅरल्ड."

खाली एक मेंढी खोकली. हॅरल्डने काठी रोवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"कधीपासून?"

"चौऱ्याऐंशी सालापासून. तू कागद काढलास तेव्हा मी पाहिला. एकोणसत्तर साली चार खिडक्या झाल्यावर तो फाटला होता म्हणून मीच त्याला मागून कापड चिकटवून दिलं होतं, आठवतं? ग्रॅहम पोटात होता. खाली वाकता येत नव्हतं म्हणून जेवणाच्या टेबलावर पसरून केलं. तुझ्या आजोबांची पेन्सिलीची खूण त्या कापडाखाली गेली. सरळ बाजू कुठली ते कळायला काही उरलंच नाही. आणि दुरुस्त केलेला कागद त्या सकाळी तू घेऊन गेलास, क्लिफर्ड नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला दोष देत नव्हतास, मी तुला देत नव्हते. संसार चालला होता." ती जरा थांबली. "आताही तू म्हणू शकतोस की चूक माझी. कापडाची."

"कापड कुणीही लावो. भिंतीवर कागद मी धरला."

"सांगून काय मिळेल तुला? त्या पोरीकडे बापाची एक हसरी गोष्ट आहे. ती काढून घ्यायची? स्वतःला हलकं वाटावं म्हणून?"

हा प्रश्न त्याने स्वतःला कितीतरी वेळा विचारला होता. उत्तर मात्र आज, त्या रुमालाकडे बघताना मिळालं होतं.

"ती ज्याला हसते ना, एनिड, तो क्लिफर्ड नाहीच. तो मी आहे. क्लिफर्ड कसा होता ते तिला माहीतच नाही."

एनिडने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, एरवी बाहेर निघताना करायची तशी. "चल तर मग. मी शेजारी बसते. पण रडगाणं लावायचं नाही. सरळ सांगायचं."

सतरंजीवर आल्याचा केक कापला जात होता. हॅरल्ड खुर्चीत बसला नाही. तो उभाच राहिला.

"मॅरियन, तो कागद तुझ्या वडिलांनी उलटा लावला नव्हता. मी लावला होता."

आधी ग्रॅहम हसला. त्याला वाटलं, गंमत चालली आहे. मग त्याने आईचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"आठवडाभर आभाळ भरलेलं होतं," हॅरल्ड म्हणाला. "खालच्या खऱ्या खिडक्यांवर सावलीच नव्हती, तेव्हा ताडून बघणार कशाशी? परांचीवर नाक भिंतीला टेकलेलं असतं. आम्ही काम संपवलं, परांची उतरवली. मग रविवारी इथे फुलांचं प्रदर्शन होतं. दुपारी ऊन पडलं आणि सगळा गाव याच हिरवळीवरून वर बघून हसायला लागला. दुसऱ्या दिवशी हवेलीच्या मालकीण बाईसाहेबांच्या कारभाऱ्याने दोघांना बोलावलं. विचारलं, पाचवी कुणी रंगवली? क्लिफर्ड म्हणाला, मी."

"का?" मॅरियनने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आम्ही राहत होतो ते घर कामाबरोबर मिळालेलं होतं. काम गेलं की घर गेलं. एनिडचे दिवस भरत आले होते. क्लिफर्ड तेवीस वर्षांचा, एकटा. त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. ऑक्टोबरात तो टास्मानियाच्या बोटीवर चढला." हॅरल्डने श्वास घेतला. "मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आलो की तो इतक्या झटकन बोलला की मला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. खोटं आहे ते. वेळ होता. कारभाऱ्याने त्याचं नाव लिहून घेतलं, शाई टिपली, दौतीला झाकण लावलं. भरपूर वेळ होता. मी बुटांकडे बघत राहिलो."

टेसच्या हातातली सुरी केकमध्येच थांबली होती.

"आणि पुढे दोनदा," टेस हळूच म्हणाली, "तुम्ही तीच पुन्हा..."

"हो. वर्षभरात बाईसाहेबांनाच ती खिडकी पाहुण्यांना दाखवायची हौस लागली. होती तशीच ठेवा म्हणाल्या. कागद मुद्दाम उलटा लावून रंगवली मी. दोनदा."

"मग पाटीवर चूक आहे!" ब्रायनी ओरडली. "आई, पाटीपण चुकलीये! मला दुसरी चूक सापडली!"

"ब्रायनी," ग्रॅहम म्हणाला.

"राहू दे तिला, बरोबरच बोलतेय ती," हॅरल्ड म्हणाला.

मॅरियन उठली आणि पाटीकडे चालत गेली. पाठमोरी उभी राहिली. हॅरल्डला वाटलं आपणही जावं. एनिडने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि रागही होता.

"दर नाताळला तुमचं कार्ड यायचं," ती म्हणाली. "मजकूर काकूंच्या अक्षरात. खाली तुमचं फक्त नाव. बाबा ते वाचायचे आणि मग उलटून मागची बाजू बघायचे. दरवर्षी. मी विचारायची, मागे काय बघता? ते म्हणायचे, कुठे छापलंय ते बघतो. मला खरं वाटायचं, काका. मला वाटायचं, रंगारी माणूस आहे, छपाई बघत असेल."

हॅरल्डने मान खाली घातली. मग, तसंच मागे एकदा केलं होतं हे आठवून, ती वर केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"दोन ओळी लिहायला काय होत होतं तुम्हाला?"

"घाबरत होतो."

"त्यांना?"

"नाही. तो मला माफ करेल याला."

मॅरियन खाली बसली. तिने केकचा तुकडा घेतला, खाल्ला नाही, हातातच धरला. एनिडने थर्मासमधला चहा ओतून तिच्यासमोर ठेवला.

"त्या गोष्टीवर नाताळला सगळे हसायचे तेव्हा आई कधी हसायची नाही," ती काही वेळाने म्हणाली. "तिला माहीत असणार."

"असेल."

"आणि बाबांनी मला सांगितलं नाही, कारण मी इथे आले असते आणि तुमच्याशी भांडले असते."

"भांड की," हॅरल्ड म्हणाला. "सोमवारपर्यंत वेळ आहे."

तिच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, हे तिलाही कळलं नसावं. ग्रॅहमने घसा खाकरला. "मॅरियन, पाटीचं मी बघतो. व्यवस्थापकांशी बोलतो. पण खिडकी तरी तशीच राहू दे. आता तर उलट तिला अर्थ आलाय."

"नाही," मॅरियन म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"टेस, सरळ कर ती. चोपन्न वर्षं माझ्या वडिलांच्या नावावर राहिली, पुरे झालं. येणारीजाणारी पोरं बोट दाखवतात. माझे वडील काम चोख करायचे. आमच्या गावात अजून त्यांनी रंगवलेली दारं आहेत, रेघ इकडची तिकडे झालेली नाही."

"करते," टेस म्हणाली. तिने डोळ्यांवरचे केस बाजूला केले. "आनंदानं करते."

ग्रॅहम काही बोलायला गेला, त्याने आईकडे पाहिलं आणि तिने नकारार्थी मान हलवल्यावर तो केक खायला लागला.

ऊन थोडं पुढे सरकलं होतं. खालच्या खिडक्यांवरची सावली बारीक होत चालली होती. वरच्या पाचांवर ती होती तिथेच, तीन वाजताची.

"माझी गोष्ट आता काही कामाची नाही," मॅरियन म्हणाली. "घरी दोन मुलं आहेत, ती डिसेंबरात विचारणार. मला नवी लागेल." ती सतरंजीवरून सरकत त्याच्या खुर्चीपाशी आली. "पहिल्यापासून सांगा. तुमचं ऐकलं. तुम्ही कागद लावत होतात तेव्हा बाबा काय करत होते?"

इतक्या वर्षांत हॅरल्डने तो दिवस मनात हजार वेळा उलगडला होता, पण प्रत्येक वेळी स्वतःचेच हात पाहिले होते. बाजूच्या फळीवर कोण उभं होतं तिकडे नजर वळवलीच नव्हती. आता त्याने ती वळवली.

"करडा रंग कालवत होता," तो सावकाश म्हणाला. "सावलीचा. तो त्याच्याइतका कुणालाच साधायचा नाही. डब्यात काठी फिरवत होता आणि शीळ घालत होता. सकाळपासून एकच गाणं. सहा वेळा सांगितलं गप्प बस म्हणून."

"बेसूर?"

"भयंकर."

"शेवटपर्यंत तशीच होती," मॅरियन म्हणाली, आणि तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. "हं. पुढे."